मेणातले हात

आमच्या विभागात दुपारी अडीचची वेळ मेणाची. स्टीलच्या चौकोनी टाकीत पॅराफिनचं मेण ५२-५३ अंशांवर वितळून तयार असतं. पेशंटनं मनगटापर्यंत हात बुडवायचा, बाहेर काढायचा, मेण पांढुरकं दिसायला लागलं की पुन्हा बुडवायचा. असं आठ-दहा वेळा. हातावर जाड मोजा चढल्यासारखं झालं की वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर टॉवेल, आणि मग २० मिनिटं बसून राहायचं. आखडलेले सांधे सैल व्हावेत म्हणून हा शेक. मेण सोलून काढलं की हात ऊबदार आहे तोवर लगेच व्यायाम.

त्या २० मिनिटांत माणसाला काही म्हणजे काही करता येत नाही. मोबाइल धरता येत नाही, तंबाखू मळता येत नाही, पेपरचं पान उलटता येत नाही. नुसतं बसलं की डोकं नको तिकडे जातं. म्हणून मी लॅपटॉप लावायला लागले. आधी जुन्या सिनेमांतली गाणी, मग भक्ती बर्वेंची, निळू फुल्यांची कामं असलेले तुकडे. आणि २००९च्या पावसाळ्यात एका दुपारी ‘मॅश’ या अमेरिकन मालिकेचा एक भाग लावला. त्या भागातल्या एका पाहुण्या कलाकाराच्या कामावर माझ्या पेशंटांनी जे जे मत दिलं, ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. ते लिहून ठेवायचं आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हाताच्या दुखापतींवर काम करते. शिकले मुंबईला केईएममध्ये. तिथला हा अभ्यासक्रम कमलाबाई निंबकरांनी १९५० साली सुरू केला. मूळच्या त्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. आमचा हा सगळा पेशाच तसा युद्धातून वाढलेला. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या जखमी सैनिकांचे हात पुन्हा कामाला कसे लावायचे, या प्रश्नातून त्याला बळ मिळालं. आमच्याकडे मात्र युद्ध नाही. आमच्याकडे भोसरी आहे, चाकण आहे, तळवड्याची छोटी वर्कशॉपं आहेत. तिथली पॉवर प्रेस एकदाच खाली यायची ती कधी कधी दोनदा येते, आणि दुसऱ्या वेळी आत मुलाची बोटं असतात. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ असतं, कडबाकुट्टी असते, फुटलेली काच असते.

‘मॅश’ म्हणजे मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल. कोरियातल्या युद्धात आघाडीच्या मागे तंबू ठोकून थाटलेलं अमेरिकन लष्कराचं फिरतं रुग्णालय. १९७० साली रॉबर्ट ऑल्टमननं त्यावर सिनेमा काढला होता, १९७२ला मालिका सुरू झाली. खरं युद्ध १९५० ते १९५३, तीन वर्षांत थांबलं. मालिका ११ वर्षं चालली. युद्धाची मालिका म्हणावी तर तिच्यात लढाई फारशी दिसतच नाही. हेलिकॉप्टरमधून जे उतरवतात तेवढंच दिसतं. मी शिकत असताना बाबांबरोबर ती केबलवर पाहायची, रात्री जेवणं झाल्यावर. बाबांना तिचे विनोद आवडायचे. मला त्यातले पेशंट लक्षात राहायचे.

या मालिकेची रचनाच तशी होती. डॉक्टर, नर्स, पाद्री, कारकून ही मंडळी दर आठवड्याला तीच. स्ट्रेचरवरचा माणूस मात्र दर वेळी नवा. म्हणजे पाहुणा कलाकार बहुतेक वेळा पेशंटच. त्याला मिळणार २५ मिनिटं, त्यातही इतरांचे विनोद, इतरांच्या कुरबुरी. तेवढ्यात त्यानं यायचं, आपलं जे मोडलंय ते दाखवायचं आणि निघून जायचं. पुढच्या आठवड्यात त्याचं नावही कोणी काढत नाही.

मी लावला तो भाग १९८०चा. चार्ल्स विंचेस्टर नावाचा बोस्टनचा उमरावी थाटाचा सर्जन आहे, डेव्हिड ऑग्डेन स्टायर्स या नटानं केलेला. त्याच्या टेबलावर एक तरुण सैनिक येतो. पायाची दशा वाईट. विंचेस्टर कसब पणाला लावून पाय वाचवतो आणि स्वतःवर खूश होतो. सैनिक शुद्धीवर आल्यावर त्याला तो ही आनंदाची बातमी द्यायला जातो, आणि जाता जाता सांगतो की उजव्या हाताच्या नसांना जरा इजा झाली आहे, बोटांत थोडी कमतरता राहील. सैनिक पियानोवादक निघतो. मैफिलीत वाजवणारा. पायाचं त्याला काही नसतं. हे काम करणारा पाहुणा नट जेम्स स्टीफन्स, त्या काळी ‘द पेपर चेस’ या मालिकेत कायद्याच्या विद्यार्थ्याची मुख्य भूमिका करायचा.

हा भाग मी मुद्दाम निवडला, हे कबूल करते. मला वाटत होतं, बघतील, धीर येईल. शेवटी विंचेस्टर त्याला एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत आणून देतो, पियानोपाशी नेतो. आमच्या लोकांना हे दाखवावं असं मला फार वाटलं. पेशंटना धीर द्यायची घाई आमच्या पेशातल्या सगळ्यांनाच असते.

तर त्या दुपारी पाच जण होते. पाचही जणांच्या हाताला टॉवेल गुंडाळलेले. इंग्रजी कोणालाच नीट कळत नव्हतं, म्हणून मी लॅपटॉपशेजारी उभी राहून वाक्यावाक्याला मराठीत सांगत होते, गरज पडली की थांबवत होते. २५ मिनिटांचा भाग दोन दुपारी चालला.

पहिलं मत आलं ते नटाबद्दल नव्हतंच. “ताई, हे हसतंय कोण?” शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं. मालिकेला मागून प्रेक्षकांच्या हशाचा आवाज जोडलेला असतो. मी समजावून सांगितलं. बाईंना ते अजिबात पटलं नाही. आत माणसं फाटून पडलेली आणि बाहेर हसतात कशाला? पुढे मला कळलं की मालिका करणाऱ्यांनाही तो हशा नको होता. वाहिनीच्या आग्रहानं तो ठेवावा लागला, पण शस्त्रक्रियेच्या तंबूतल्या प्रसंगांना तो लावायचा नाही एवढं त्यांनी मिळवलं. आणि डीव्हीडीवर हसणं बंद करायची सोयही आहे. दुसऱ्या दिवशी मी ते बंद करून लावलं. बाई म्हणाल्या, “आता कसं दवाखान्यासारखं वाटतंय.”

साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार होते, पक्षाघातानं डावा हात आखडलेला. वय ७७. ते त्यांच्या तरुणपणी खरोखर कोरियाला जाऊन आले होते. आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं, पण भारतानं त्या युद्धात लढणारी पलटण पाठवली नाही, वैद्यकीय पथक पाठवलं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालचं ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स १९५०च्या शेवटी तिथं पोचलं. युद्धविरामानंतर १९५३ला युद्धकैद्यांचा सांभाळ करायला कस्टोडियन फोर्स गेली. तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. हवालदार या दुसऱ्या तुकडीतले. त्यांनी पडद्याकडे बघत मान हलवली आणि म्हणाले, “पोरगं चांगलं काम करतंय. पण त्याला थंडी वाजत नाही.” कोरियातल्या थंडीत पहिली बोटं जातात, म्हणाले. बंदुकीच्या लोखंडाला उघडी बोटं लावायची सोय नसते. जो माणूस बोटांवर जगतो तो तिथं हात काखेत घालून बसेल, असा पांघरुणावर टाकून पडणार नाही. मालिका चित्रित झाली ती कॅलिफोर्नियात, स्टुडिओत आणि मालिबूच्या डोंगरात. ते मी त्यांना सांगितलं तर त्यांनी फक्त “तरीच” म्हटलं.

मी ही मतं डायरीत टिपत गेले. सुरुवातीला उगाच, मग मुद्दाम. कारण माझ्या लक्षात यायला लागलं होतं की हे लोक नटाचं काम बघताना आपली आपली दुखापत घेऊन बघत आहेत आणि मला जे तपासणीत कधी सांगितलं नाही ते नटाच्या निमित्तानं सांगत आहेत. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, त्याच्या घरचं कोणी दाखवलंच नाही. त्याला भरवतंय कोण? शर्टाची बटणं लावतंय कोण? पियानो राहू दे बाजूला. बाईंच्या उजव्या अंगठ्याची शीर तुटली होती, जोडून पाच आठवडे झाले होते. सासरी पोळ्या कोण लाटतं, वेणी कोण घालतं, यावर त्यांनी मला तोवर “चाललंय” याच्यापुढे काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मेण सोलताना सांगितलं. वेणी नऊ वर्षांची मुलगी घालते. आणि शाळेला उशीर झाला की ती घालत नाही.

आता भोसरीचा मुलगा.

वय २२, गाव जालन्याकडे. प्रेसमध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलेलं, अनामिका जोडलेली. तीन आठवडे येत होता. हात कायम पँटच्या खिशात. आत आला की भिंतीकडची खुर्ची धरायचा, सांगू ते करायचा, तोंडातून शब्द नाही. त्याच्या कागदावर मीच लिहिलं होतं, व्यवसाय : प्रेस ऑपरेटर. उद्दिष्ट : अंगठा आणि अनामिका यांची चिमूट, पकड वाढवणे, कामावर परत.

विंचेस्टर कॉटपाशी उभा राहून पाय वाचल्याचं सांगतो तो प्रसंग झाला आणि मागून आवाज आला, “मॅडम, ते परत मागं घ्या.”

मी मागे घेतलं.

“ह्यो डॉक्टर खूश कशानं झालाय?”

“पाय वाचला म्हणून.”

“आन् त्येनं इचारलं कुठं, तू काय करतो म्हणून?”

मी म्हटलं, “नाही विचारलं.”

तो पुढे बराच वेळ काही बोलला नाही. भाग संपल्यावर मेण काढायला मी त्याच्यासमोर बसले तेव्हा बोलला. म्हणाला, हा पोरगा खरा चिडलाय. अॅक्टिंग म्हणून चिडत नाही. मला पण समदे म्हणत होते, अंगठा वाचला, नशीबवान हायेस. मुकादम म्हणला, डॉक्टर म्हणले, चुलते म्हणले. अंगठा वाचला, अंगठा वाचला. अंगठ्यानं काय करू?

मी विचारलं, तुला काय करायचं होतं?

पोलीस भरती. गावाकडे दोन वर्षं पहाटे उठून पळायचा. गोळाफेकीचा सराव व्हायचा, त्याच उजव्या हातानं. प्रेसवर तो आला होता भरती निघेपर्यंत, क्लासच्या फीचे पैसे जमवायला. आठ महिन्यांसाठी. आणि भरतीत तर्जनी लागते. ती नसली की तिथंच विषय संपला. प्रेसवर परत जाण्यासाठी मी त्याचा हात तयार करत होते, तीन आठवडे, मनापासून. त्याला त्या प्रेसकडे बघायचंसुद्धा नव्हतं.

हे मला फार लागलं. लागायला कारण होतं. हाच धडा मी दहा वर्षांपूर्वी शिकले होते असं समजून चालले होते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. हिंजवडीकडचे एक शेतकरी यायचे, हाताच्या मुठीची ताकद गेलेली. मी त्यांना लाकडी फळीतल्या भोकांमध्ये खुंट्या बसवायला लावायची. ९ भोकं, ९ खुंट्या, घड्याळ लावून. मग बटणं, मग चिमटे. सहा आठवडे. त्यांची वेळ सुधारत होती आणि मी तक्त्यावर आलेख काढत होते. एक दिवस त्यांनी खुंटी खाली ठेवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “ताई, ह्यानं म्हैस पान्हवंल का?” चार म्हशी होत्या त्यांच्या. धार काढायला चारही बोटं एकामागून एक तळहाताशी दाबावी लागतात, वरून खाली, आणि तेही पाव तास न थांबता. चिमटीचं तिथं काम नाही. दुसऱ्या दिवशी मी रबराच्या हातमोज्यात पाणी भरून, बोटाला बारीक भोक पाडून ते खिडकीच्या गजाला टांगलं आणि खाली बादली ठेवली. ते धार काढायला बसतात तसे उकिडवे बसले. त्यांचा चेहरा त्या दिवशी कसा झाला ते अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर पहिला प्रश्न हाताचा नसतो, कामाचा असतो. हा हात काय काम करतो?

आणि तरीही जालन्याच्या मुलाच्या बाबतीत चुकले. कारण मी विचारलं होतं तो काय करतो. तो काय करणार होता, हे विचारलं नव्हतं.

आमच्या प्लास्टिक सर्जरीच्या सरांना मी हे सगळं सांगितलं. माणूस कामाला फार चोख, त्यांनी जोडलेल्या नसा चालू होतात असा आमचा अनुभव. तेही ‘मॅश’चे चाहते, निवासी डॉक्टर असल्यापासूनचे. त्यांना तो भाग चांगला आठवत होता आणि त्यांचं मत ठाम होतं. तो भाग उभा राहतो तो स्टायर्समुळे. गर्विष्ठ माणूस एका पेशंटपायी कसा हलतो, हे त्या नटानं दाखवलं. त्याला संगीताची जाणही होती, पुढे तो वाद्यवृंदांचं संचालन करायचा. त्यामुळे स्वर मला वाजवता येतात पण संगीत माझ्यात नाही, अशा अर्थाचं जे तो बोलतो ते आतून आलेलं वाटतं. पेशंटचं काम काय, कोणीही केलं असतं.

मी सरांशी सहसा वाद घालत नाही. त्या दिवशी घातला. मी म्हटलं, सर, तुम्ही विंचेस्टरला बघताय, कारण तुम्ही कॉटच्या त्या बाजूला उभे असता. तो जे हलतो ते कशानं हलतो? समोरचा माणूस आभार मानत नाही म्हणून. वाचवलेल्या पायाबद्दल एक चांगला शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. कृतघ्न दिसायची जोखीम पत्करणं पाहुण्या नटाला सोपं नसतं. २५ मिनिटांत प्रेक्षकाची माया मिळवायची तर रडावं, हात जोडावेत, डॉक्टरांकडे देवासारखं बघावं. स्टीफन्सनं यातलं काही केलं नाही. तो रागावला, आणि तो राग त्यानं गोड करून घेतला नाही. तो तसा कोरडा राहिला म्हणून विंचेस्टरला त्याच्याकडे पुन्हा जावं लागलं.

सर म्हणाले, तुम्ही पेशंटचं ऐकून बोलताय. मी म्हटलं, हो. आमचं अजूनही यावर एकमत नाही.

त्या पाच जणांत हार्मोनियमवाले काकाही होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गावच्या भजनी मंडळात ३० वर्षं पेटी वाजवणारे. दाराची काच फुटून उजव्या मनगटावर बसली होती, दोन नसा कापल्या गेल्या होत्या. करंगळी आणि अनामिका पंज्यासारख्या वळलेल्या. त्यांच्यासाठीच खरं तर मी हा भाग निवडला होता.

त्यांनी दोन्ही दिवस एकाग्र होऊन पाहिला. डाव्या हातासाठीच्या संगीताचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं, तो मेणाचा टॉवेल गुंडाळलेला हात. “हा एका हाताचा पियानोवाला खरा होता का?”

खरा होता. त्या रात्री मी वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. पॉल विट्गेनश्टाइन, व्हिएन्नाचा, तत्त्वज्ञ लुडविगचा थोरला भाऊ. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, १९१४ला, उजव्या कोपरात गोळी लागली, हात कापावा लागला आणि तो रशियनांच्या कैदेत सापडला. सायबेरियात ओम्स्कला ठेवलं होतं. तिथं त्यानं एका लाकडी खोक्यावर कोळशानं पियानोच्या पट्ट्या काढल्या आणि त्या मुक्या पट्ट्यांवर डाव्या हाताचा रियाज केला. सुटून आल्यावर मोठमोठ्या रचनाकारांकडून डाव्या हातासाठी संगीत लिहवून घेतलं. मॉरिस राव्हेलनं त्याच्यासाठी लिहिलेला कन्चेर्टो १९३२च्या जानेवारीत व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला. विंचेस्टर त्या सैनिकाला देतो तो हाच.

काकांनी खोक्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग आपलं मत दिलं. “तो राव्हेल, तो विट्गेनश्टाइन, सगळं खरं असेल. पण हा नट लवकर मानला. कागद हातात दिले, दोन चांगले शब्द बोलले, आणि हा वाजवायला लागला? असं होत नाही हो. पहिले सहा महिने माणूस वाद्य असलेल्या खोलीत जात नाही.”

मी गप्प झाले, कारण ते बरोबर होतं. तुटलेली नस जोडली तरी ती नव्यानं वाढावी लागते, आणि वाढीचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहा-सात महिने सहज जातात. आम्ही तिचा माग काढतो तो बोटानं टकटक करून. नस जिथवर आली असेल तिथं टिचकी मारली की पेशंटला पुढे मुंग्या जातात. ही खूण सांगणारा टिनेल हा फ्रेंच डॉक्टर. १९१५ साली, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवरूनच त्यानं ती सांगितली. काकांच्या तळहातावर मी दर पंधरवड्याला पेनानं ठिपका काढायची आणि कागदावर अंतर लिहायची. ठिपका धुऊन जायचा, कागद राहायचा. जून ते जुलै, ठिपका दोन बोटं सरकला होता. टीव्हीतल्या माणसाला ठिपक्यांसाठी वेळ नसतो. पटकथा लिहिणाऱ्याला त्याला त्या संध्याकाळपर्यंत पियानोपाशी पोचवायचंच असतं, आणि नटानं कितीही जीव ओतला तरी ते महिने त्याला दाखवता येत नाहीत. स्टीफन्सच्या कामात मला दिसणारी एकमेव उणीव ती, आणि ती त्याची नाही.

पण काकांच्या मनात दुसरंही काही चाललं होतं. म्हणाले, पियानोचं बरं आहे. डावा हात मोकळा, त्याला स्वर देता येतो. “आमच्या पेटीत डावा भाता मारतो. उजवा गेला तर उरतं काय? नुसता वारा.”

ते त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की शिवणकामवाल्या बाईंनी टॉवेलमधला हात तसाच त्यांच्या खांद्यावर टेकवला.

मी काही सुचवलं नाही. घाई करायची नाही एवढं त्या दोन दुपारींनी मला शिकवलं होतं. जालन्याच्या मुलाच्या कागदावरचं उद्दिष्ट खोडलं आणि पुढच्या वेळी त्याच्याबरोबर बसून नवं लिहिलं. त्यात आम्हाला चार बैठका लागल्या, आणि तर्जनीच्या जागी काहीच लिहिता आलं नाही. त्यानं पुढे गावी भावाबरोबर मोटार दुरुस्तीचं दुकान घातलं. भरतीची जाहिरात आली की अजूनही पेपर घडी करून ठेवतो, असं एकदा फोनवर म्हणाला. मी त्यावर धीराचं काही बोलले नाही. ऐकून घेतलं.

काका डिसेंबरपर्यंत पेटीचं नाव काढत नव्हते. ठिपका करंगळीच्या मुळाशी आला होता. एका शनिवारी ते नातवाला घेऊन आले, सहावीतला, आणि त्यांचा मुलगा रिक्षातून पेटी उतरवून आत घेऊन आला. काकांनी विचारलं, इथं वाजवलं तर चालेल का? घरी सगळे ऐकत बसतात.

आम्ही मेणाच्या टाकीशेजारचं टेबल रिकामं केलं. नातू पेटीच्या पलीकडे, भात्याकडे बसला. काका अलीकडे. उजवा हात मांडीवर, स्प्लिंटमध्ये. डावा हात पट्ट्यांवर. उलट्या हाताला पट्ट्या सापडेनात, अंगठा जिथं यायला हवा तिथं करंगळी येत होती. पोरानं जोर लावून भाता मारला आणि षड्ज एकदम किंचाळला.

“हळू.”

पुन्हा.

“अजून हळू. मी श्वास घेतो तसा.”

पोरगं आजोबांच्या छातीकडे बघत भाता हलवायला लागलं. स्वर आला, तुटला, पुन्हा आला. टेबलाभोवती टॉवेल गुंडाळलेले चार हात थांबलेले. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, मेण गार पडत होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.